गुगलवरून घेतलेला घोडा

प्रश्न थोडक्यात असा. शहादा तालुक्यातल्या एका तरुणाने सारंगखेड्याच्या यात्रेत एका घोड्याचा फोटो काढला आणि इन्स्टाग्रामवर टाकला. कोपऱ्यात स्वतःचं नाव होतं. नंदुरबार जिल्ह्यातल्याच एका पशुखाद्याच्या दुकानाने ते नाव कापून फोटो फ्लेक्सवर चढवला, मग कॅलेंडरवरही छापला. जाब विचारला तर उत्तर मिळालं, ‘गुगलवरून घेतला, नेटवरचं सगळं फेअर यूजमध्ये येतं.’ एका बातम्यांच्या पोर्टलने तोच फोटो यात्रेच्या बातमीला लावला आणि खाली लिहिलं, ‘सौजन्य : इंटरनेट’. हा भाऊ अहिराणीत म्हणतो, ‘फोटो मना शे’, म्हणजे माझा आहे, पण सिद्ध कसं करू? आणि जाता जाता हेही विचारतो, की तो स्वतः अहिराणी यूट्यूब चॅनलवर अजिंठ्याचे आणि चाळीसगावचे दिवंगत फोटोग्राफर केकी मूस यांनी काढलेले फोटो दाखवतो, ते चालतं का?

भाऊ, दुकानदार साफ चुकला आहे. पोर्टलचं प्रकरण थोडं तिरकं आहे. तुमच्या चॅनलचं उत्तर फोटोगणिक बदलतं. माझ्याकडे फोटोग्राफर येतात, फ्लेक्सवाले येतात, लग्नघरचे यजमानही येतात, आणि जवळजवळ प्रत्येक जण सुरुवात एकाच गोष्टीपासून करतो : फोटो कुठे सापडला. कायद्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. तो विचारतो, कोणी काढला, कोणाच्या पैशाने काढला आणि दुसऱ्याने कशासाठी वापरला.

आधी मालकीचं बघू. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात फोटो ही ‘कलाकृती’ आहे, तिच्यात कला असो वा नसो. म्हणजे ‘साधा मोबाइलवर तर काढलाय’ हा युक्तिवाद पहिल्याच पायरीवर पडतो. फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. घोडा लाखांचा असेल, पण घोड्याचा मालक त्यामुळे फोटोचा मालक होत नाही. नोंदणीची सक्ती नाही, बटण दाबलं की हक्क जन्माला येतो. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात 500 रुपये भरून नोंदणी करता येते. अर्ज गेल्यावर हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं. पण यात्रेतल्या प्रत्येक फोटोसाठी हा खटाटोप करू नका. जो फोटो पुन्हापुन्हा विकला जाणार आहे, त्याच्यापुरता विचार करा.

आता तो प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत आणि ज्यावर सगळं अवलंबून आहे : तो फोटो काढायला तुम्हाला कोणी पैसे दिले होते का? घोड्याच्या मालकाने ‘माझ्या घोड्याचे चांगले फोटो काढून दे, एवढे देतो’ असं म्हटलं असेल, तर कलम 17 प्रमाणे पहिला मालक तो. त्याच्या उलट करार असेल तरच हक्क तुमच्याकडे राहतो. हे ऐकून आपल्याकडचे स्टुडिओवाले अक्षरशः खुर्चीतून उठतात. लग्नाची ऑर्डर घेतली, हळदीपासून पाठवणीपर्यंत दोन दिवस राबले, अल्बम दिला, पैसे चुकते झाले. वेगळं काही लिहिलेलं नसेल तर त्या फोटोंचा कॉपीराइट ऑर्डर देणाऱ्याचा. मग स्टुडिओच्या इन्स्टाग्राम पानावर नवरीचा क्लोजअप, दुकानाच्या काचेवर नवरदेवाचा चार फुटी फोटो, हे कोणाच्या परवानगीने? नवरीच्या मोठ्या भावाने वकिलाची नोटीस पाठवली तर स्टुडिओकडे दाखवायला कागद नसतो.

इलाज सोपा आहे. ऑर्डरच्या पावतीवर, जिथे ‘आगाऊ रक्कम परत मिळणार नाही’ छापलेलं असतं, त्याच्याच खाली दोन ओळी छापून घ्या : फोटोंचा कॉपीराइट स्टुडिओचा राहील, घरगुती वापरासाठी यजमानांना ते कायम मोकळे, जाहिरातीसाठी स्टुडिओला वापरू द्यायचे की नाही, हो किंवा नाही, आणि सही. तिसरी गोष्ट वेगळी विचारा, एकाच वाक्यात दडपून सही घेऊ नका. चेहरा त्यांचा आहे, आणि कॉपीराइट हाती असला तरी दुसऱ्याचा चेहरा जाहिरातीला लावायची मुभा आपोआप मिळत नाही. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोचा हक्कही मालकाकडे जातो. रोजंदारीवर येणाऱ्या दुसऱ्या कॅमेऱ्यावाल्याशी मात्र काम सुरू होण्याआधी लिहून ठरवा, नंतर दोघंही ‘मी म्हटलं होतं’ एवढंच सांगत बसतात.

तुमच्या बाबतीत कोणी पैसे दिले नव्हते असं धरून पुढे जातो.

इन्स्टाग्रामवर टाकला म्हणजे सोडून दिला, हा समज फार खोल रुजला आहे. खातं उघडताना आपण ज्या अटी न वाचता मान्य करतो, त्यांत मालकी तुमचीच राहते. तुम्ही कंपनीला फोटो दाखवायचा, साठवायचा, तिच्या यंत्रणेत फिरवायचा परवाना देता. तो परवाना पशुखाद्यवाल्याला मिळालेला नसतो. कोणी शेअरचं बटण दाबून तुमची पोस्ट पुढे पाठवली तर ते त्या अटींच्या आतलं. स्क्रीनशॉट काढून फ्लेक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर धाडला तर ते बाहेरचं. आणि गुगल फोटो देत नाही, तो कुठे आहे ते दाखवतं. शोधाच्या निकालात प्रत्येक फोटोखाली मूळ पानाचा पत्ता असतो. तिथे एक टिचकी मारली असती तर दुकानदाराला तुमचं खातं सापडलं असतं.

फेअर यूज, म्हणजे परवानगीशिवायही चालणारा रास्त वापर, त्याकडे येतो. हा शब्द अमेरिकेतून आला. तिथल्या कायद्यात ती उघडी कसोटी आहे : वापराचा हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, किती भाग घेतला, मूळ मालकाच्या बाजारावर काय परिणाम झाला, हे चार मुद्दे तोलून न्यायालय ठरवतं. आपल्याकडे तसं नाही. आपल्या कलम 52 मध्ये आधी हेतूंची बंद यादी आहे. खासगी किंवा वैयक्तिक वापर, त्यात संशोधनही आलं. टीका किंवा समीक्षा. चालू घडामोडींचं वार्तांकन. यांपैकी एका दारातून आत आलात तरच पुढे ‘वापर रास्त होता का’ ही चर्चा होते. शाळेत शिकवताना शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेला वापर, न्यायालयीन कामकाज, अशी आणखी दारं आहेत, पण तीही नावानिशी लिहिलेली. ‘माझा हेतू वाईट नव्हता’ या नावाचं दार कुठेच नाही.

म्हणूनच आपल्याकडच्या व्हिडिओंखाली अमेरिकन कायद्याचं कलम 107 चिकटवलेलं दिसतं तेव्हा मला गंमत वाटते. वांग्याच्या भरताची रेसिपी अहिराणीत, खाली 1976 चा अमेरिकन कॉपीराइट कायदा. धुळ्याच्या कोर्टात त्या मजकुराचा काडीचा उपयोग नाही. उलट तो वाचून समोरचा वकील विचारेल, की फोटो दुसऱ्याचा आहे हे तुम्हाला माहीत होतं तर?

या चाळणीतून दुकानदाराला घाला. फ्लेक्स आणि कॅलेंडर ही जाहिरात आहे. ती खासगी वापर नाही, समीक्षा नाही, बातमी नाही. विषय संपला. ‘रंग बदलला’, ‘आरशासारखा उलटा केला’, ‘तीस टक्के बदल केला की चालतं’ हेही ऐकायला मिळेल. कायद्यात अशी कुठलीही टक्केवारी नाही. फोटोचा मोलाचा भाग ओळखू येतो का, हे पाहिलं जातं. तुमच्या फोटोत मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा आणि लगाम खेचणारा हात हाच जीव असेल, तर मागचं आभाळ बदलून काही साधत नाही.

नाव कापलं, ही दुकानदाराने स्वतःच्या पायावर मारलेली कुऱ्हाड आहे. दोन कारणांनी. फोटोवरचं कर्त्याचं नाव जाणूनबुजून काढणं हा 2012 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 65ब खाली स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. दुसरं कारण व्यवहारात जास्त कामाचं. कलम 55 मध्ये अजाण माणसाला थोडी सवलत आहे : या कृतीवर कोणाचा हक्क आहे हे मला ठाऊक नव्हतं आणि तसं वाटायला वाजवी कारणही नव्हतं, असं त्याने सिद्ध केलं तर नुकसानभरपाई टळू शकते, फक्त मनाई आणि नफ्यापुरता हुकूम होतो. ज्याने कात्री लावून नाव उडवलं, तो ‘ठाऊक नव्हतं’ कोणत्या तोंडाने म्हणणार? शिवाय कलम 57 प्रमाणे कर्ता म्हणून ओळख सांगायचा तुमचा हक्क कॉपीराइटपेक्षा वेगळा आहे. उद्या तुम्ही फोटोचा कॉपीराइट विकून टाकला तरी तो उरतो.

पोर्टलला मात्र एक दार उघडं आहे, वार्तांकनाचं. यात्रा ही चालू घडामोड आहेच. पण आत आल्यावर काय बघतात, ते 1996 च्या केरळ उच्च न्यायालयाच्या एका निकालात नीट मांडलं आहे : किती घेतलं, कशासाठी घेतलं आणि त्यामुळे मूळ कृतीशी स्पर्धा होते का. तुमचा फोटो हीच बातमी असती, समजा त्या फोटोवरून वाद झाला असता, तर तो दाखवल्याशिवाय बातमी सांगता आली नसती. इथे बातमी यात्रेची होती, तुमचा घोडा पान भरायला आणला. त्यांचा वार्ताहर यात्रेत जाऊन फोटो काढू शकला असता, किंवा तुमच्याकडून विकत घेऊ शकला असता. बातमीच्या छायाचित्रांचा बाजार असतो आणि त्यांनी तो तुमच्यापुरता बुडवला. माझ्या मते पोर्टलची बाजू लंगडी आहे, पण दुकानाइतकी नाही, म्हणून त्यांच्याशी सूर वेगळा ठेवा. नाव लावा आणि वाजवी मानधन द्या, असा एक ईमेल पुरेसा आहे. ‘सौजन्य : इंटरनेट’ याला काही अर्थ नाही. सौजन्य दाखवायला कोणीतरी परवानगी दिलेली असावी लागते. तुमचं नाव नीट छापलं असतं तरी परवानगीची जागा त्याने भरून निघाली नसती.

आता ‘मना शे’ हे सिद्ध करायचं. मूळ फाइल जपा. कॅमेऱ्याची रॉ फाइल असेल तर उत्तमच, फोनवरचा असेल तर फोनमधलीच मूळ प्रत. तिच्या पोटात तारीख, वेळ, यंत्राचं मॉडेल नोंदलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली की ही माहिती गळते आणि आकारही घटतो, त्यामुळे ‘मी मित्राला पाठवला होता तो आहे’ हा कमकुवत पुरावा. त्याच घोड्याचे आधीचे-नंतरचे फोटो पुसू नका. एका मालिकेतले दहा फोटो ज्याच्याकडे आहेत त्याच्याशी मालकीवर वाद घालणं अवघड असतं. फ्लेक्सचा फोटो असा काढा की दुकानाची पाटी आणि रस्ता दोन्ही यावेत, आणि उद्याची वाट पाहू नका, फ्लेक्स एका रात्रीत उतरतो. कॅलेंडरच्या दोन प्रती मिळवा. तळाला बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव असेल तर तेही तुमच्या कामाचं आहे, कारण किती प्रती छापल्या हे तिथे कळतं. इन्स्टाग्राम पोस्टची तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. हे सगळं कोर्टात जाईल तेव्हा 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्यही, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ओळख-अंक, भरायचा असतो. हे वकिलाचं काम आहे, पण मूळ फाइलच गेली असेल तर वकील तरी काय करणार?

पोलिसांकडे जायचं का? कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 मध्ये उल्लंघनासाठी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं स्पष्ट केलं. म्हणजे हत्यार धारदार आहे. तरी माझा सल्ला, एका कॅलेंडरसाठी पहिल्याच दिवशी ते उपसू नका. तालुक्याच्या गावात दुकानदार उद्याही भेटणार आहे, आणि तुम्हाला त्याची कैद नको आहे, फोटोचे पैसे हवे आहेत. शिवाय पोकळ धमकीलाही कायद्यात उत्तर आहे. हक्क नसताना कोणी दटावत असेल तर कलम 60 खाली समोरचाच दावा लावू शकतो. म्हणून नोटिशीत जेवढं खरं आणि सिद्ध होणारं आहे तेवढंच लिहा : फोटो माझा, या तारखेचा, तुमचा वापर इथे आणि इथे, नाव कापलं आहे, फ्लेक्स उतरवा, उरलेल्या कॅलेंडरचं वाटप थांबवा, एवढी रक्कम द्या. रक्कम हवेतून काढू नका. याआधी एखाद्याला फोटो दिला असेल तर त्याचं बिल जोडा, तोच तुमचा भाव. कधी विकलाच नसेल तर जिल्ह्यातले व्यावसायिक फोटोग्राफर तशा वापराचे काय घेतात ते दोघा-तिघांकडून लेखी आणा.

ऐकलं नाही तर दावा जिल्हा न्यायालयात, आणि तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात लावायची सोय कलम 62 देतं. भरपाईसाठी मुदत उल्लंघनाच्या तारखेपासून तीन वर्षं. ऑनलाइन प्रती उतरवायला इतकं लांब जायची गरज नाही. समाजमाध्यमांकडे कॉपीराइट तक्रारीचा अर्ज असतो. शिवाय 2013 च्या कॉपीराइट नियमांत लेखी तक्रार गेल्यावर मध्यस्थाने, म्हणजे मजकूर जिथे ठेवला आहे त्या संकेतस्थळाने, 36 तासांत मजकूर बंद करावा अशी तरतूद आहे. पण ती 21 दिवसांपुरती. त्या अवधीत न्यायालयाचा आदेश आणला नाहीत तर ते पुन्हा चालू करू शकतात.

एक गोष्ट मात्र तपासा. फोटोत स्वार आहे का? असेल, ओळखू येत असेल, तर त्याच्या चेहऱ्यावर तुमचा हक्क नाही. परवानगीशिवाय कोणाचं नाव किंवा रूप जाहिरातीला वापरणं हा खासगीपणाचा भंग, असं सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्येच म्हटलं आहे. दुकानदाराशी तडजोड करून ‘बरं, वापरा’ म्हणाल तेव्हा स्वाराची संमती कोणी घेतली, हा प्रश्न तुमच्याकडेच येईल. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या आदिवासी होळीचे फोटो काढणाऱ्या सगळ्यांना मी हे सांगतो. मोरपिसांचा टोप घातलेला माणूस रात्रभर नाचतो, त्याचा फोटो पुढे कुठल्या रिसॉर्टच्या माहितीपत्रकावर झळकतो, आणि त्याला कोणी विचारलेलंही नसतं. फोटोग्राफरचा कॉपीराइट तिथे निर्दोष असतो. बाकीचं नाही.

आता तुमचा चॅनल. अजिंठ्याच्या चित्रांवर कोणाचा कॉपीराइट नाही, ती केव्हाच सर्वांची झाली. पण आज कोणी लेणीत जाऊन त्या चित्राचा फोटो काढला तर तो फोटो त्याचा. तुम्ही स्वतः काढा (फ्लॅश चालत नाही), मग अडचण नाही. जुने हवे असतील तर रॉबर्ट गिल आहेत. त्यांनी 1860 च्या दशकात अजिंठ्याचे फोटो काढले, 1879 मध्ये वारले, त्यांची कबर भुसावळला आहे. ते फोटो मोकळे आहेत. एखाद्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून घेणार असाल तर तिथल्या डाउनलोडच्या अटी तेवढ्या वाचा. इतरांचे फोटो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे कर्त्याने ठरावीक अटींवर सर्वांना आधीच दिलेल्या परवानगीने, मिळतात. तिथे नाव, परवाना आणि बदल केला असल्यास तसा उल्लेख द्यायचा. ‘अव्यावसायिक’ अशी अट असेल आणि तुमच्या चॅनलवर जाहिराती चालू असतील तर तो फोटो सोडा.

केकी मूस यांचं उत्तर अवघड आहे. ते 1989 च्या शेवटी गेले. 2012 पासून फोटोंची मुदतही कर्त्याचं आयुष्य आणि पुढे 60 वर्षं अशी झाली. त्याआधी ती प्रकाशनापासून मोजत, आणि त्याच्याही आधीच्या 1911 च्या कायद्यात निगेटिव्ह तयार झाल्यापासून 50 वर्षं. म्हणजे त्यांचे फार जुने काही फोटो मोकळे झालेले असू शकतात, पण 2012 मध्ये ज्यांची मुदत चालू होती ते 2049 च्या अखेरीपर्यंत बंद. कोणता कधीचा, हे बाहेरून कळत नाही, म्हणून सगळेच बंद आहेत असं धरून चला.

तरी समीक्षेचं दार तुम्हाला उघडं आहे, आणि इथे तुमचा व्हिडिओ कसा आहे यावर सगळं ठरतं. त्यांच्या टेबलटॉप, म्हणजे टेबलावर देखावा मांडून काढलेल्या, फोटोंपैकी एक दाखवून तुम्ही सांगितलंत, की हे मैदान नाही, टेबल आहे. बघा, उजेड कुठून येतोय. या सावलीमुळे अंतराचा भास होतोय. तर तो फोटो दाखवल्याशिवाय बोलताच येणार नाही. हा रास्त वापर आहे असं मी कोणत्याही न्यायाधीशासमोर उभं राहून म्हणेन. तेच वीस फोटो बासरीच्या संगीतावर एकामागून एक सरकवले आणि मधे ‘खान्देशचं वैभव’ अशी पाटी टाकली, तर समीक्षा कुठे आहे? यूट्यूब तक्रारी अमेरिकन पद्धतीने हाताळतं, त्यामुळे तिथे स्ट्राइक, म्हणजे चॅनलवर उल्लंघनाची नोंद, आधी येतो आणि वाद नंतर होतो. 90 दिवसांत तीन आले की चॅनल जाऊ शकतो.

त्यापेक्षा चाळीसगावला जा. त्यांचं घर आणि संग्रह सांभाळणारी विश्वस्त संस्था तिथे आहे. आधी विचारा, फोटोंचा कॉपीराइट संस्थेकडे आहे का. प्रिंट ताब्यात असणं वेगळं आणि हक्क असणं वेगळं. असेल तर कोणते फोटो, कोणता चॅनल, जाहिराती चालू आहेत का, नाव कसं लावायचं, हे कागदावर घेऊन सही आणा. तोंडी ‘हो’ परवाना ठरत नाही. आणि त्या कागदावर मुदत लिहायला विसरू नका. ती लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि व्हिडिओ तर सहाव्या वर्षीही चालू असेल.